दरबारातील रत्नालंकार आणि सयाजीराव

राजदरबारातील अलंकार केवळ शोभेसाठी नसत. कोणी, कोणासमोर, कोणत्या वेषात उभे राहावे, यावरून तेथील श्रेष्ठ-कनिष्ठता व्यक्त होत असे. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात संस्थानिकांनी रत्नालंकारांसह पंचम जॉर्ज यांच्यासमोर यावे, लवून वंदन करावे व पाठ न दाखविता मागे सरावे, असा दंडक होता. मांडलिकाचे वैभव जितके झळकेल, तितके सम्राटाचेच श्रेष्ठत्व सिद्ध होई.

बडोद्याच्या जामदारखान्यात तर ‘दक्षिणेचा तारा’ हा सुमारे १२८ कॅरटांचा हिरा होता. तरीही महाराज सयाजीराव गायकवाड अलंकारांविना, साध्या शुभ्र वेषात पुढे झाले, एकदाच लवले आणि पाठ फिरवून परतले. इंग्रजी वृत्तपत्रांत गहजब उडाला. अखेर महाराजांना व्हाइसरॉयकडे दिलगिरीचे पत्र धाडावे लागले.

पत्राने दरबारी उपचार पूर्ण झाला. परंतु राजकोशाचा खरा अलंकार कोणता, याचे उत्तर १९१३ साली मिळाले. त्या वर्षी बडोदा संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.