नास्तिकाला आमंत्रण

मिलान : इटली म्हणजे पोपचा देश, तिथे नास्तिकाला कोण विचारतो, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. प्रत्यक्षात 1987 साली मिलानचे आर्चबिशप कार्लो मारिया मार्तिनी यांनी स्वतः पुढाकार घेऊन ‘अश्रद्धांचे अध्यासन’ नावाचे व्यासपीठ सुरू केले. तिथे नास्तिकांना उपदेश करायला नव्हे, त्यांचे म्हणणे ऐकायला बोलावले जाई. प्रत्येकाच्या आत एक श्रद्धावान आणि एक अश्रद्ध असतो, दोघे एकमेकांना प्रश्न विचारत राहतात, अशी मार्तिनींची धारणा होती. पुढे 1995-96 मध्ये कादंबरीकार उम्बेर्तो एको यांच्याशी त्यांचा जाहीर पत्रव्यवहार झाला. स्त्रियांना धर्मगुरू का होता येत नाही, हे एकोंनी त्यांना थेट विचारले. मार्तिनींचा प्रश्नही तितकाच थेट होता : देव मानत नसाल, तर तुमची नीती कशावर उभी आहे? एकोंचे उत्तर असे की, समोर दुसरा माणूस आला की नीती सुरू होते. त्याच्या नजरेवाचून आपण कोण हेही आपल्याला कळत नाही. देव आहे की नाही, यावर दोघे अडून बसले नाहीत, म्हणूनच बोलणे पुढे सरकले.

आपल्याकडे नेमके हेच घडत नाही, याची मला चीड येते, कारण आपली परंपरा काही तोकडी नाही. आगरकरांनी 1888 सालीच ‘सुधारक’ काढून बुद्धिवादाची बाजू मांडली होती. देवाधर्माला आमचा विरोध नाही, शोषणाला आहे, हे नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे सांगत राहिले; 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच 11 सप्टेंबरला इटलीच्या ‘ला रेपुब्लिका’ने त्याच दैनिकाचे संस्थापक, नास्तिक एउजेनिओ स्काल्फारी यांना पोप फ्रान्सिस यांनी लिहिलेले पत्र छापले. जो देव मानत नाही, त्याने सदसद्विवेकाविरुद्ध वागणे हेच पाप, असे पोपनी त्यात लिहिले होते. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की मन अस्वस्थ होते.

कोणी म्हणेल, चर्चचा जोर ओसरला म्हणून हा समंजसपणा आला. घटस्फोटावरील 1974चे आणि गर्भपातावरील 1981चे सार्वमत चर्चच्या विरोधात गेले, हे खरेच. पण हरलेली संस्था कडवीही होऊ शकते. शिवाय इटलीतल्या सरकारी शाळांच्या भिंतींवर क्रूस आजही आहेत, आणि 2011 मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही त्यांना हरकत घेतली नाही. दुसरा आक्षेप असा की आपल्याकडे आर्चबिशप नाही, मग बोलावणार कोण? पण हजारोंचा समुदाय ज्यांचे शब्द कान देऊन ऐकतो, असे कीर्तनकार आणि मठाधिपती आहेत. निमंत्रण त्यांच्याकडून यायला हवे. नास्तिकाने कितीही नम्रपणे दार ठोठावले, तरी ते आतूनच उघडावे लागते. व्याख्यानमालांच्या संयोजकांनो, पुढच्या वर्षी एक संध्याकाळ यासाठी राखून ठेवा. एका कीर्तनकाराला आणि एका नास्तिकाला एकत्र बसवा, आणि पहिला प्रश्न कीर्तनकाराला विचारू द्या.