पहिल्यांदा ऑफ-रोडिंगला जाताना

फोर-बाय-फोर गाडी घेऊन झाली, घाटात दोन-चार फेऱ्याही झाल्या आणि आता एखाद्या गटाच्या ऑफ-रोड दिवसासाठी तुम्ही नाव नोंदवलं आहे. रील्समध्ये दिसतात तसे चिखलाचे फवारे आणि हवेत उडणारी थार डोळ्यांपुढे असेल, तर ते चित्र घरीच ठेवून निघा. नवशिक्यांच्या कार्यक्रमात गाडी चालते तेव्हा माणसाच्या चालीने सरकते आणि त्याहून जास्त वेळ रांगेत उभी असते.

स्पर्धा वेगळी, शिकण्याचा दिवस वेगळा

रेनफॉरेस्ट चॅलेंज ही स्पर्धा 1997 मध्ये मलेशियात सुरू झाली आणि 2014 पासून तिची भारतीय फेरी गोव्यात भर पावसाळ्यात भरू लागली. तिथे उतरणाऱ्या गाड्या खास बांधलेल्या असतात, विंच हाताळायला जोडीदार असतो आणि घड्याळ चालू असतं. तुमचा दिवस तसा नाही. इगतपुरीजवळच्या महिंद्राच्या प्रशिक्षण केंद्रासारखी आखलेली जागा असो किंवा एखाद्या गटाने मालकाच्या परवानगीने घेतलेलं खासगी रान, तिथे अडथळे ठरलेले असतात आणि प्रत्येकापाशी एक मार्शल उभा असतो. कोण आधी पोहोचलं हे कुणी मोजत नाही.

निघण्याआधी

शोरूममधून आली तशी गाडी चालते. मोठे टायर, स्नॉर्केल, विंच यांवर पहिल्याच वेळी पैसे घालू नका. दिवसभर गाडी चालवली की आपल्याला नेमकं काय कमी पडतं ते कळतं. गाडीत मात्र पुढे आणि मागे ओढण्यासाठीचा भक्कम हूक हवा. वाहतुकीत गाडी बांधायला दिलेली पातळ कडी त्या कामाची नाही. आतलं सुटं सामान काढून ठेवा किंवा बांधा. जॅक मोकळा राहिला तर पहिल्याच तिरक्या उतारावर तो तुमच्या पायापाशी येतो. बूट आणि कपड्यांचा जास्तीचा जोड घ्या.

विम्याचे कागदही एकदा वाचा. नेहमीच्या वाहन विम्यात शर्यत, वेगचाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. प्रशिक्षण म्हणजे शर्यत नव्हे, तरी विमा कंपनीला आधी विचारलेलं बरं. ‘जबाबदारी माझी’ अशा अर्थाच्या कागदावर आयोजक सही घेतातच.

सकाळ: तपासणी आणि हवा

पोहोचल्यावर गाडीची तपासणी होते, नंतर सूचना दिल्या जातात. त्या कंटाळवाण्या वाटल्या तरी ऐका. मग टायरमधली हवा कमी करतात, आणि नवख्यांचा जीव इथे खालीवर होतो. रस्त्यावर 30-32 पीएसआय असेल, तर चिखल-मातीसाठी साधारण 18-20 वर आणतात. त्यामुळे टायर लांबट पसरतो आणि जमिनीवर त्याची पकड वाढते. फार उतरवलात तर वळताना टायर रिममधून निसटू शकतो, म्हणून आकडा मार्शल सांगेल तोच ठेवायचा.

फोर-लो आणि संथपणा

थार किंवा जिम्नीत फोर-लो टाकताना गाडी थांबवून गिअर न्यूट्रल करायचा, मग छोटा दांडा ओढायचा. वेग घटतो आणि चाकांवरचा जोर वाढतो: जिम्नीत सुमारे दुप्पट, थारमध्ये अडीचपटीच्या आसपास. उतारावर त्याचा खरा उपयोग कळतो. गिअरची गाडी असेल तर फोर-लो, पहिला गिअर, पाय क्लचवरून काढलेला. इंजिनच गाडी धरून ठेवतं. घाबरून क्लच दाबलात तर तो धरच सुटतो. डांबरी रस्त्यावर परतल्यावर टू-व्हीलवर यायला विसरू नका, कोरड्या रस्त्यावर फोर-बाय-फोरमध्ये वळताना गिअर यंत्रणेवर ताण येतो.

चढावर गाडी अडली तर वळवण्याचा मोह आवरा. आडव्या झालेल्या गाडीला उलटायला फार थोडं निमित्त पुरतं. ब्रेक, रिव्हर्स, आणि आलो त्याच चाकोरीने सरळ मागे. स्टीअरिंग धरताना अंगठे चाकाच्या आत अडकवू नका, पुढचं चाक दगडावर आपटलं की स्टीअरिंग हिसका देतं.

खड्ड्यांच्या पट्ट्यात एक चाक हवेत लटकतं आणि नुसतंच फिरतं. डिफरन्शियल म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांना जोर वाटून देणारी यंत्रणा; ती साधी असेल तर जोर त्या मोकळ्या चाकाकडेच जातो. डिफरन्शियल लॉक असलेली गाडी तिथून निघते. अशा ठिकाणी खालून हातवारे करणारा एकच माणूस तुमचे डोळे असतो. बाकीचे दहा जण ‘डावीकडे, डावीकडे’ ओरडतील. त्यांना ओरडू द्या.

पाणी

ओढा आधी चालून पाहतात, मग गाडी घालतात. आत गेल्यावर एकसारखा संथ वेग ठेवायचा, म्हणजे पुढे लाट तयार होते आणि तिच्यामागे पाणी थोडं खाली राहतं. मध्येच इंजिन बंद पडलं तर पुन्हा चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि पुढचं बिल वाचवत नाही.

गाडी फसली तर

फसणारच. त्यात ओशाळण्यासारखं काही नाही, उलट रिकव्हरी शिकायला तीच संधी. चाक फिरायला लागलं की ॲक्सिलरेटर सोडा, नाहीतर गाडी स्वतःलाच पुरत जाते आणि तिचं पोट टेकतं. ओढायला ताणला जाणारा खास पट्टा वापरतात. तो ताणला जाऊन आखडतो आणि त्या झटक्यानं गाडी बाहेर येते. पण हूक तुटला तर तोच पट्टा लोखंडासकट काच फोडून आत येऊ शकतो. म्हणून ट्रेलरच्या गोळ्याला पट्टा कधीच लावत नाहीत. ओढताना पट्टा ओलांडायचा नाही आणि बघ्यांनी त्याच्या लांबीहून बरंच दूर उभं राहायचं. मोबाइलवर शूटिंग करणारे हटकून जवळ येतात, त्यांना हाकला.

जागा कुणाची

नंतर मित्रांबरोबर स्वतंत्र जायची हुक्की येईल, तेव्हा आधी जमीन कुणाची ते विचारा. अभयारण्यात किंवा राखीव जंगलात परवानगीशिवाय गाडी नेणं गुन्हा आहे. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेली तरी कारवाई होते. सह्याद्रीतल्या सड्यांवर पावसाळ्यात मातीच्या पातळ थरात दुर्मीळ फुलझाडं उगवतात. वरून ते नुसतं ओसाड पठार दिसतं, म्हणून तिथे गाड्या घालणारे निघतात. कडक दंड हाच त्यांच्यावरचा उपाय आहे, असं माझं मत.

परतताना

महामार्गाला लागण्याआधी हवा पुन्हा पूर्ण भरा. त्यासाठी छोटा कंप्रेसर गाडीत असावा. रिमच्या आत चिखल वाळून बसला तर वेगात स्टीअरिंग थरथरतं, आणि लोक अलाइनमेंट बिघडली समजून गॅरेजात धावतात. आधी चाकं आतून धुऊन बघा. गाडी खोल पाण्यात गेली असेल तर त्याच आठवड्यात मेकॅनिककडून डिफरन्शियलचं तेल तपासून घ्या. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदलायला सांगा.