मुलाखत झाली, पण पुढे फोनच नाही! उद्या मालक होणाऱ्यांनी हे वाचाच



बीबीए झाल्यावर मी एका कंपनीत चार राऊंड दिले. दर वेळी निडीहून दिवा-रोहा पॅसेंजरने पनवेल, तिथून पुढे बस. शेवटच्या राऊंडला पगाराचंही बोलणं झालं. "दोन दिवसांत कळवतो," म्हणाले. ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत! त्या आशेवर मी दुसऱ्या एका नोकरीला नाही म्हटलं, हे जास्त लागलं.

मोठ्या ठिकाणीही हे होतं. २०२२ मध्ये इन्फोसिसने निवडलेल्या अनेक इंजिनिअर मुलांना दोन वर्षं जॉइनिंगच मिळालं नाही. २०२४ मध्ये पुण्याच्या 'नाइट्स' या आयटी कर्मचारी संघटनेने सुमारे २,००० मुलांसाठी केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. त्यांच्या हातात निदान ऑफर लेटर होतं. नुसतं "कळवतो" म्हणजे काहीच नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार एकाने प्रस्ताव द्यावा लागतो आणि दुसऱ्याने तो स्वीकारावा लागतो, तेव्हा करार होतो.

मग कंपन्या गप्प का बसतात? पहिल्या पसंतीचा माणूस रुजू होईपर्यंत दुसऱ्याला लटकवून ठेवतात. कधी भरतीच थांबते. आणि 'नाही' सांगायचं काम कोणाच्याच अंगावर नसतं.

तुम्ही उमेदवार असाल तर:
१. उठण्याआधी विचारा, "कोणत्या तारखेपर्यंत कळेल? कोणाला फोन करू?"
२. ती तारीख गेली की एक मेसेज, आठवड्याने एक फोन. बस्स.
३. पत्र हातात येईपर्यंत बाकीचे प्रयत्न थांबवू नका.

आता माझी चूक सांगतो. दुकानात काउंटरसाठी मुलगा हवा होता. एकाला दोनदा बोलावलं, एक अख्खा दिवस काम करून बघितलं, आणि दुसऱ्यालाच ठेवलं. त्याला कळवायचं राहून गेलं. दोन महिन्यांनी त्याची आई सामान घ्यायला आली. "दादा, पोरगा अजून तुमच्या फोनची वाट बघतोय," म्हणाली. मला मान वर करता येईना. माझ्याशी जे झालं, तेच मी केलं होतं.

त्या दिवसाची मजुरी मी तेव्हाच तिच्या हातात दिली आणि संध्याकाळी मुलाला स्वतः फोन केला.

तेव्हापासून माझ्या वहीत मुलाखतीला आलेल्या प्रत्येकाच्या नावापुढे एक रकाना आहे: 'कळवलं का?' मेसेज दोन ओळींचा असतो: "तुम्ही आलात, धन्यवाद. या वेळी दुसऱ्याला घेतलं आहे, तुम्ही दुसरीकडे बघा." चाचणीच्या दिवसाचे पैसे त्याच संध्याकाळी.

शहरात नाकारलेला माणूस गर्दीत हरवतो. आपल्या गावात त्याचं घर आपलं गिऱ्हाईक असतं. 'नाही' ऐकून माणूस दोन दिवस नाराज होतो. काहीच न कळवलेलं मात्र तो विसरत नाही.

पहिला माणूस ठेवायच्या आधी वहीत तो रकाना आखा. भेटू पुढच्या व्हिडिओत!