फुरसे

सरीसृप वर्गाच्या व्हायपरिडी कुलातील एक लहान पण अतिशय विषारी साप. शास्त्रीय नाव एकिस कॅरिनेटस. नाग, मण्यार व घोणस यांच्याबरोबर भारतातील चार प्रमुख विषारी सापांत याची गणना होते. खडकाळ, कोरड्या व उघड्या प्रदेशात तो राहतो. महाराष्ट्रात तो रत्नागिरी जिल्ह्यात विपुल असून एकोणिसाव्या शतकात तेथे फुरसे मारणाऱ्यास सरकारी बक्षीस मिळे. ठाणे, कल्याण व डोंबिवली यांलगतचे मुरमाड, विरळ गवताचे डोंगरउतार आणि दगडांच्या राशी हेही त्याला मानवणारे अधिवास होत.

कोकणातील फुरशाची लांबी बहुधा ३०–४० सेंमी. असते. रंग तपकिरी किंवा करडा असून पाठीवर फिकट ठिपके व दोन्ही बाजूंना नागमोडी रेषा असते. डोके त्रिकोणी असून त्यावर बाणासारखी खूण असते. डोळे मोठे व बाहुली उभी असते. अमेरिकेतील रॅटल सापाच्या शेपटीला खुळखुळा असतो. फुरशाला तो नसतो. डिवचल्यास ते ८ च्या आकड्यासारखी वेटोळी घालते आणि बाजूचे दातेरी खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढते.

ते निशाचर असून दिवसा दगडाखाली दडून राहते. पावसाळ्यात झुडपांवरही चढते. विंचू, गोम, कीटक, पाली, बेडूक व उंदीर हे त्याचे भक्ष्य होय. मादी अंडी न घालता पिलांना जन्म देते.

विषातील एकॅरीन हा घटक रक्तातील प्रोथ्राँबिनाचे थ्राँबिनात रूपांतर करतो. त्यामुळे रक्त गोठविणारी द्रव्ये खर्ची पडून रक्त गोठेनासे होते. हिरड्यांतून व लघवीवाटे रक्त जाते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. दंशाची खूण बारीक असते आणि रक्तस्राव काही तासांनी किंवा त्याहूनही उशिरा सुरू होऊ शकतो. म्हणून आरंभी बरे वाटणाऱ्या रोग्यासही धोका असतो. निरुपद्रवी समजून किंवा मांजऱ्या सापाशी गल्लत होऊन उपचारास विलंब होतो. दंश झालेला अवयव हलू न देता रोग्यास त्वरित रुग्णालयात न्यावे. जखम कापू किंवा चोखू नये, घट्ट आवळपट्टी बांधू नये. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेतलेले रक्त २० मिनिटांत न गोठल्यास विषबाधा झाली असे ठरते. चारही सापांवर चालणारी बहुगुणी प्रतिविष लस हाच यावरील खरा उपाय होय.