वाणसामानाच्या यादीतला आहार

घरातला आहार संतुलित आहे की नाही, हे एका दिवसाच्या ताटावरून नीट कळत नाही. महिन्याला घरात धान्य, डाळ, तेल, मीठ आणि साखर किती येते आणि किती संपते, हा हिशोब जास्त खरे बोलतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आपली आहार-मार्गदर्शक तत्त्वे नव्याने प्रसिद्ध केली. त्यांत रोज 2000 कॅलरी लागणाऱ्या प्रौढ व्यक्तीसाठी नमुन्याचे प्रमाण दिले आहे : धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्ये 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, फळे 100 ग्रॅम, दूध 300 मिलिलिटर, सुकामेवा व तेलबिया 35 ग्रॅम आणि तेल-तूप 27 ग्रॅम. ही वजने शिजवण्याआधीची आहेत. चार प्रौढांच्या घराला लावली तर महिन्याला धान्य 30 किलो, डाळी-कडधान्ये 10 किलो, तेल-तूप सव्वातीन किलो आणि भाजी रोज दीड किलोहून थोडी जास्त.

यातला डाळींचा आकडा पाहून बहुतेक घरांत भुवया उंचावतील. गहू-तांदूळ मुबलक भरले जातात, पण डाळ महाग म्हणून आमटी पातळ होत जाते. नुकसान नेमके इथेच होते. धान्यातील प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, तर डाळींत मेथिओनिन कमी असते. दोन्ही एकत्र खाल्ली की एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघते. वरण-भात, पिठलं-भाकरी, मुगाची खिचडी ही जोडी म्हणूनच भक्कम आहे. मात्र ताटात डाळीचा वाटा धान्याच्या निदान एक तृतीयांश असायला हवा. वरणाचे नुसते पाणी भातावर ओतून तो भरत नाही. अंडी, मासे किंवा मांस खाणाऱ्यांना डाळीचा काही भाग त्यांतून भागवता येतो.

धान्य कोणते, यालाही महत्त्व आहे. 100 ग्रॅम पॉलिश केलेल्या तांदळात लोह 1 मिलिग्रॅमपेक्षाही कमी असते; ज्वारीत ते सुमारे 4 आणि बाजरीत 6 मिलिग्रॅमच्या आसपास असते. दोन्हींत तंतूही तांदळाच्या तिपटीहून अधिक आहेत. नाचणीची खासियत कॅल्शियम : 100 ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर. भात सोडण्याची गरज नाही, पण दोन्ही वेळा भात किंवा मैद्याचे पदार्थ असतील तर एका वेळी भाकरी यावी.

लोहाचा प्रश्न महाराष्ट्रात किरकोळ नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील 15 ते 49 वयोगटातल्या 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. त्याची कारणे अनेक असली, तरी आहार हे त्यातले मोठे. धान्य, डाळी आणि पालेभाज्यांमधले लोह शरीराला सहज मिळत नाही. धान्य-डाळींतले फायटेट हे द्रव्य त्याला अडवते आणि चहातले टॅनिनही अडवते. क जीवनसत्त्व ते शोषायला मदत करते. ताटाच्या वरच्या कोपऱ्यातली लिंबाची फोड, आवळा, कच्ची कोशिंबीर यांचे काम त्यामुळे चवीपुरते राहत नाही. जेवण होताच चहा घ्यायची सवय मोडून तो तासाभराने घेतला, तर एक पैसाही खर्च न होता फायदा होतो. मटकी-मुगाला मोड आणले की फायटेट घटते आणि क जीवनसत्त्व वाढते.

भाज्यांबाबत एवढेच सांगायचे की बटाटा पिष्टमय असल्याने त्याला धान्याच्या बाजूला मोजावे. भाजी आधी धुऊन मग चिरावी; चिरून पाण्यात ठेवली तर विरघळणारी जीवनसत्त्वे पाण्याबरोबर जातात.

यादीतल्या काही वस्तू मात्र कमी करण्यासाठी पाहायच्या. मीठ माणशी रोज 5 ग्रॅमपर्यंत, म्हणजे चौघांना महिन्याला 600 ग्रॅम. लोणचे, पापड, फरसाण आणि बिस्किटांतले मीठही यातच मोजायचे, आणि तेच सहसा विसरले जाते. साखर माणशी 25 ग्रॅमच्या आत धरली तर महिन्याला 3 किलो. गूळ त्यात धरावा, कारण तो वेगळा डबा असला तरी साखरच आहे.

उपवासाच्या यादीत साबुदाण्याचा मान मोठा आहे, पण तो जवळजवळ निव्वळ पिष्ट. प्रथिने 100 ग्रॅममध्ये 1 ग्रॅमही नाहीत. खिचडीला जो काही कस असतो, तो दाण्याच्या कुटाचा. राजगिऱ्यात मात्र 13 ते 14 ग्रॅम प्रथिने असतात. वारंवार उपवास करणाऱ्यांनी राजगिऱ्याची भाकरी, दूध, ताक आणि फळे यांवर भर द्यावा.

हे सारे प्रमाण निरोगी प्रौढांसाठी आहे. लहान मुले, गर्भवती आणि कष्टाची कामे करणारे यांची गरज वेगळी असते. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी धान्य, डाळी, फळे आणि मीठ यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.