टेकडीआड गेलेलं गाव

दोस्तांनो, पायात बूट घातलेत ना? कारण आज आपल्याला गवतातून चालायचंय आणि ते गवत मेंढ्यांचं आहे. तेव्हा अधूनमधून खाली बघून पाऊल टाका, नाहीतर बूट धुवायची वेळ येईल!

आपण आलो आहोत इंग्लंडच्या मधोमध, डार्बिशर नावाच्या परगण्यात. इथे डर्वेंट नदीच्या काठी चॅट्सवर्थ नावाचा भलाथोरला वाडा आहे. १५४९ साली सर विल्यम कॅव्हेंडिश आणि त्याची बायको बेस यांनी ही जमीन सहाशे पौंडांना विकत घेतली. पुढे त्यांचेच वंशज 'ड्यूक ऑफ डेव्हनशायर' झाले. ड्यूक म्हणजे बडा सरदार. वाडा आणि त्याची बाग बघायला तिकीट पडतं, पण नदीच्या अलीकडच्या विस्तीर्ण कुरणात फिरायला दमडीही लागत नाही. आपण तिथेच फिरणार आहोत. तीनेक किलोमीटरची वाट आहे. चढ जवळजवळ नाहीच. आजीसुद्धा हातात काठी घेऊन सहज येईल.

दक्षिणेला कॅल्टन लीज म्हणून छोटीशी वस्ती आहे. तिथून उतरून नदी गाठायची, ती उजव्या हाताला ठेवायची आणि चालू लागायचं. सुरुवातीलाच एक पडकी गिरणी लागते. पाण्याच्या जोरावर धान्य दळणारी ही गिरणी १७६० च्या सुमारास बांधली. १९६२ च्या वादळात तिच्यावर झाड कोसळलं, तेव्हापासून ती तशीच उभी आहे. वाड्याच्या जवळ असलेली जुनी गिरणी काढून ही इतकी लांब बांधली. का बरं? हा प्रश्न जरा खिशात ठेवा.

आता झाडं बघा. सगळ्या झाडांच्या खालच्या फांद्या एकाच उंचीवर, पट्टी लावून कापल्यासारख्या! माळ्याने नव्हे, ही कापणी केली हरणांनी आणि गुरामेंढ्यांनी. त्यांचं तोंड पोचतं तिथवरची पानं फस्त, वरची शिल्लक. त्यामुळे झाडांखालून दूरवर नजर जाते.

आणि समोर, नदीपलीकडे, वाडा दिसतो. पिवळसर दगडाचा, मागे गर्द झाडीची टेकडी, पुढे उतरत आलेली हिरवळ. बघणाऱ्याला वाटतं, व्वा, निसर्गाने काय देखावा मांडलाय! पण दोस्तांनो, इथेच तर गंमत आहे. हा देखावा माणसांनी मांडलेला आहे. आधी इथे आखीवरेखीव बागा होत्या, सरळ रेषेतले ताटवे होते. चौथ्या ड्यूकने लँसलॉट ब्राउन या बागकाम-तज्ज्ञाला बोलावलं. हा ब्राउन कुणाचीही जमीन बघून 'हिच्यात करण्याजोगं पुष्कळ आहे' अशा अर्थाचं काहीतरी म्हणायचा, म्हणून त्याचं टोपणनावच 'केपेबिलिटी ब्राउन' पडलं. त्याने ताटवे मोडले, जमिनीला उतार दिले, झाडांचे पुंजके लावले. नदीचं पाणीसुद्धा वाड्यातून झोकदार दिसेल असं केलं. नवा पूल बांधला तोही वाड्याचं रूप येणाऱ्याच्या डोळ्यांत भरेल अशा जागी. हे काम होतं जेम्स पेन या वास्तुकाराचं. गिरणी का हलली ते आता आलं ना लक्षात?

संध्याकाळी उन्हं कलली की या कुरणात आणखी एक गोष्ट दिसते. गवताखाली लांबच लांब वरंबे उमटलेले दिसतात. फार पूर्वी इथे नांगर चालत होता, त्याच्या या खुणा. म्हणजे हे राजेशाही कुरण एके काळी साध्या शेतकऱ्यांचं वावर होतं.

पुलाजवळ थोडं थांबू. कारंजं चालू असेल तर झाडांच्या शेंड्यांवर पाण्याचा तुरा दिसेल. १८४४ मध्ये रशियाचा झार येणार म्हणून सहाव्या ड्यूकने हे कारंजं घाईघाईने, रात्रीसुद्धा दिवे लावून, करून घेतलं. डोंगरावर तळं खोदलं आणि नळातून पाणी खाली आणलं. पंप नाही, इंजिन नाही, नुसत्या उंचीच्या जोरावर पाणी नव्वद मीटरपर्यंत उडालं! आणि झारसाहेब? ते आलेच नाहीत.

आता नदीला पाठ करून छोटा उंचवटा ओलांडू या. पलीकडे एन्झर नावाचं गाव आहे. (लिहितात 'एडनसोर', म्हणतात 'एन्झर'. इंग्रजी शुद्धलेखनाचा आणखी एक नमुना!) हे गाव पूर्वी इथे नव्हतं. ते उताराच्या अलीकडे, नदीच्या बाजूला पसरलेलं होतं. म्हणजे वाड्याच्या खिडकीतून ती घरं, ती धुरांडी, ते वाळत घातलेले कपडे दिसायचे. आधी थोडी घरं पाडली गेली आणि मग १८३८ ते १८४२ या काळात सहाव्या ड्यूकने गावच टेकडीआड नेऊन वसवलं. धरणासाठी गाव उठलं, हे आपण ऐकलेलं असतं. पण देखावा बिघडतो म्हणून?

नवी घरं मात्र सुरेख आहेत, हेही सांगायला हवं. दगडी, पक्की, आणि एकासारखं दुसरं नाही. कुणाला स्वित्झर्लंडचं छप्पर, कुणाला इटलीचा मनोरा. पण ज्यांची जुनी घरं गेली त्यांना काय वाटलं असेल, ते कुठल्या दगडावर कोरलेलं दिसत नाही.

जुन्या गावाचं एकच घर शिल्लक आहे. रस्त्याच्या अलीकडे, कुरणात एकटंच उभं. एक म्हातारा 'मी नाही हलणार' म्हणून अडून बसला, असं सांगतात. दुसरे म्हणतात, छे, ते घर उंचवट्याआड होतं, वाड्यातून दिसतच नव्हतं, म्हणून वाचलं. मला दुसरी गोष्ट खरी वाटते. आवडते मात्र पहिली.

गाव हलवण्याच्या कामात जोसेफ पॅक्स्टन होता. तेविसाव्या वर्षी तो इथे मुख्य माळी म्हणून आला, आणि पुढे लंडनचा प्रसिद्ध काचेचा महाल, १८५१ चा 'क्रिस्टल पॅलेस', त्यानेच उभारला. त्याने इथल्या उबदार काचघरात एक बुटकी केळ वाढवली. १८३५ मध्ये तिला घड लागला आणि ड्यूकच्या घराण्यावरून तिचं नाव पडलं 'कॅव्हेंडिश'. जळगावची बसराई आणि ग्रँड नैन याच कॅव्हेंडिश गटातली, बरं का! केळं आपल्या आशियातलं, नाव मात्र या थंडगार गावातलं.

पॅक्स्टनची कबर एन्झरच्या चर्चच्या आवारात आहे. आणि ते चर्च ज्याने बांधलं, त्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटनेच मुंबईच्या राजाबाई टॉवरचा आराखडा काढला. तोही मुंबईला न येता!

चर्चवरून मागे फिरलं की गावाच्या कडेला फाटक लागतं आणि पुन्हा कुरण सुरू होतं. फाटक तेवढं आठवणीने लावून घ्या. मेंढ्या गावात शिरतात.