भूकंपाचा चालता नकाशा

१८९७ साली आसामात प्रचंड भूकंप झाला. पुढच्याच वर्षी कलकत्त्यास अलीपूर येथे भारतातील पहिली भूकंपवेधशाळा सुरू झाली. त्या काळी दूरदूरच्या वेधशाळांच्या नोंदी एकत्र करून भूकंपाचे स्थान निश्चित करण्यास दीर्घ काळ लागे. आज हे काम काही मिनिटांत होते, आणि त्याचे फलित कोणाही विद्यार्थ्यास घरबसल्या पाहता येते.

अमेरिकेची भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था जगातील भूकंपांची यादी दर मिनिटास नवी करून विनामूल्य देते. भारतापुरती अशीच नोंद दिल्लीचे राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र ठेवते. ठराविक अंतराने यादी आणावी आणि तीतील प्रत्येक भूकंप नकाशावर वर्तुळाने दाखवावा, एवढेच काम संगणकाच्या आज्ञावलीस करावयाचे असते. काम सोपे दिसते. परंतु त्यात चार गोष्टींचे भान राखणे अगत्याचे आहे.

पहिली गोष्ट स्थानाची. अमेरिकन यादीत आधी रेखांश, मग अक्षांश व शेवटी खोली येते. हा क्रम उलटला तर २००१ सालचा भुजचा भूकंप कच्छ सोडून नॉर्वेच्या उत्तर भागात जाऊन बसेल!

दुसरी गोष्ट वेळेची. यादीतील वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते; भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. भुजचा भूकंप आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी झाला. यादीत ती वेळ ३ वाजून १६ मिनिटे अशी दिसेल.

तिसरी गोष्ट आकाराची. महत्तेचा अंक एकाने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. वर्तुळाची त्रिज्या केवळ अंकाच्या प्रमाणात ठेवली, तर ६ व ७ महत्तेचे भूकंप जवळजवळ सारखेच दिसतील व पाहणाराची फसगत होईल.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. यंत्राने काढलेला पहिला अंक तज्ज्ञ मागाहून तपासतात व दुरुस्त करतात. क्वचित चुकीची नोंद काढूनही टाकतात. म्हणून प्रत्येक नोंदीची खूण लक्षात ठेवून जुने वर्तुळ बदलावे. शेजारी दुसरे काढू नये. तसे न केल्यास एका भूकंपाचे दोन होतील, आणि भयभीत लोकांत अफवेस आयते खाद्य मिळेल.

असा नकाशा झाल्या गोष्टीची नोंद ठेवतो; तो पुढील भूकंपाचे भाकीत करीत नाही, हे त्यावर स्पष्ट लिहावे. तथापि दीर्घ काळाच्या नोंदी त्यावर मांडल्या, तर हिमालयाची कमान आणि अंदमान-निकोबारची रांग ठिपक्याठिपक्यांनी उमटू लागते. घर कोठे बांधावे हे आपल्या हाती नेहमीच नसते. ते कसे बांधावे याचा विचार मात्र हा नकाशा आपणांस करावयास लावतो.